उंबरगडावरची जांभई

उंबरगडावर आपण जन्मात कधी पाऊल ठेवलेलं नाही, ही गोष्ट कुंदनराव भोईर गेली नऊ वर्षं एकाच माणसाला सांगत आले होते, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. बाकी सगळ्या कामोठ्याला, निदान शुभारंभ सोसायटीच्या ए आणि बी विंगला, ते गडावर जाऊन आलेत हे तोंडपाठ होतं. कसे गेले, कुठे घसरले, डोक्यावर वीज कशी कडाडली आणि सकाळी चिखलात बिबट्याचे ठसे कसे दिसले, हेसुद्धा.

आता हा माणूस मुळात खोटारडा नव्हे. बंदरातल्या एका कंपनीत डिस्पॅचला पंचवीस वर्षं काढलेला, लिफ्टमध्ये शिरण्याआधी बाहेर येणाऱ्यांना वाट देणारा, सोसायटीचा मेंटेनन्स पाच तारखेच्या आत भरणारा सज्जन गृहस्थ. त्यांच्या हातून जे झालं ते दिवाळीच्या किल्ल्यामुळे झालं.

सोसायटीच्या आवारात पंपरूमच्या मागे दर दिवाळीला कुंदनराव पोरांना हाताशी घेऊन मातीचा किल्ला करत. पोरं दरवर्षी वेगवेगळ्या गडांची नावं सुचवत आणि कुंदनराव दरवर्षी उंबरगडच करत, कारण एका जुन्या दिवाळी अंकात त्यांना उंबरगडाचा फोटो सापडला होता आणि त्या फोटोवर त्यांचा जीव जडला होता. फोटो समोरून काढलेला. मागची बाजू त्यात दिसत नव्हती, तेव्हा ती त्यांनी अंदाजाने आणि जागेच्या सोयीने बसवली. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप उजव्या हाताला होता, म्हणून नदी उजवीकडे. पाणी आलं की तिकडची माती वाहून जायची, म्हणून गडावर जायची वाट डावीकडे. महादरवाजा सोसायटीच्या गेटकडे तोंड करून, कारण बघायला येणारी माणसं तिकडूनच यायची. अशा रीतीने पाताळगंगेच्या खोऱ्यावर पहारा देणारा तो भग्न, बलदंड गड पंपरूमच्या प्लंबिंगप्रमाणे उभा राहिला.

नऊ वर्षांपूर्वी हात कोपरापर्यंत मातीत असताना त्यांच्या पाच वर्षांच्या उन्नतीने विचारलं, "पप्पा, तू गेलायस इथे?" आजूबाजूची बारा पोरं माना वर करून बघायला लागली. कुंदनरावांच्या तोंडून निघून गेलं, "हो, मग!"

झालं. आमच्याकडे गावठाणात परवानगी नसताना जसे मजले चढतात, तसा त्या 'हो, मग'वर दर दिवाळीला एकेक मजला चढत गेला. दुसऱ्या वर्षी पाऊस आला, तिसऱ्या वर्षी वीज, पाचव्या वर्षी बिबट्या. ही मोहीम लग्नाच्या आधीची होती, एवढी खबरदारी मात्र त्यांनी पायाभरणीतच घेतली होती. त्यामुळे बायकोला, म्हणजे संध्यावहिनींना, साक्षीला बोलावण्याचा प्रश्न नव्हता. उन्नतीने तर सातवीत 'माझे साहसी पप्पा' असं भाषण करून बक्षीस मिळवलं.

आणि गंमत अशी की, त्या गडावर जायची तळमळ कुंदनरावांइतकी कुणालाच नव्हती. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. बहिणीचं लग्न, गुडघा, ऑफिसातलं स्टॉकटेकिंग. पुढे खोटं बोलून बसल्यावर तर गुपचूप जाणंही कठीण झालं. कपाटात शर्टांच्या घडीखाली तो फोटो होता. रविवारी इस्त्रीचे कपडे ठेवताना ते तो काढून बघत आणि परत ठेवत.

यंदाच्या दिवाळीनंतर सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी धम्मपाल जोंधळे. मूळचे नांदेडकडचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि कागदावर आलेल्या प्रत्येक शब्दावर श्रद्धा असलेला माणूस. त्यांनी पार्किंगचा विषय संपवला आणि चष्मा पुसत म्हणाले, "आता आयत्या वेळचा विषय. नऊ वर्षं झाली, आपण भोईरसाहेबांचा मातीचा उंबरगड बघायलोत. माझी सूचना अशी, की एकदा खरा गड बघून यावा. माहितगार माणूस घरातलाच आहे. कुणाची हरकत?"

कुंदनरावांच्या मनात एकाच क्षणी दोन गोष्टी झाल्या. एक, ते घाबरले. दोन, त्या भीतीच्या वर कुठेतरी आनंदाची अशी उसळी आली की खुर्ची सरकली. जायचं! खरंच जायचं! त्या उसळीतून सावरून ते हरकत घेणार, एवढ्यात शेजारी बसलेली उन्नती उभी राहिली आणि म्हणाली, "माझा पप्पा डोळे मिटून रस्ता दाखवेल." टाळ्या पडल्या. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत तेवढा अभिमान दिसल्यावर हरकत घेईल असा बाप कामोठ्यात तरी नसावा. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक जोंधळे, अनुमोदक सौ. प्रेमला तांडेल, गटप्रमुख कुंदन भोईर.

सुरुवातीला चार माणसं जाणार होती. जोंधळ्यांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. ए विंगची सात नावं दिसताच बी विंगने नऊ दिली. मग ए विंगला गप्प बसवेना. आठवड्याच्या शेवटी एकतीस नावं झाली आणि मिनीबसऐवजी मोठी बस सांगावी लागली. एकतिसावं नाव कुंदनरावांच्या आईचं, पुतळाबाईंचं. वय बहात्तर. "मी पन येनार," त्या म्हणाल्या. "नात जाते तं मी काय दारान बसून ऱ्हाऊ?"

पुढचे पंधरा दिवस सल्ल्यांचे गेले. प्रेमलाताईंनी एक किलो मीठ आणून दिलं, जळवांसाठी.

"अहो ताई, डिसेंबरात कुठल्या जळवा?"

"नसल्या तर नसल्या भाऊ. मीठ काय खराब होतं का?"

तळमजल्यावरच्यांनी कापूर दिला, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कपडे वाळत घालायची दोरी दिली आणि एकाने डास मारायची बॅट दिली. ती का, हे त्यालाही सांगता आलं नाही. पण खरा त्रास सल्ले घेण्याचा नव्हता, देण्याचा होता. जो तो जिन्यात गाठून विचारी, "वर जायला किती वेळ लागतो हो?" यावर कुंदनराव क्षणभर लांब बघत आणि म्हणत, "चालणाऱ्यावर आहे." या उत्तरात सगळ्यांना मोठा अनुभव दिसला.

मोबाइलवर गडाचे व्हिडिओ बघून तयारी करता आली असती, हे खरं. एकदा त्यांनी बोट तिथपर्यंत नेलंही. पण दाबवेना. इतकी वर्षं राखून ठेवलेली गोष्ट कुण्या अनोळखी पोराच्या धापा ऐकत पाच इंचांत बघायची? छे. शिवाय तो मोबाइल उन्नतीही वापरायची.

पायांची तयारी मात्र करणं भाग होतं. ते पहाटे दहा किलो तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून सात मजले चढू-उतरू लागले. तिसऱ्याच दिवशी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये जोंधळे भेटले.

"लिफ्ट बंद आहे का भोईरसाहेब?"

"नाही, तांदूळ वर न्यायचे होते."

"मग लिफ्टनं न्या की!"

"लिफ्टवर उगाच लोड नको. सोसायटीची मालमत्ता आहे," कुंदनराव धापा टाकत म्हणाले. जोंधळ्यांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागली, की श्री. भोईर यांचा आदर्श सर्व सभासदांनी घ्यावा. संध्यावहिनींनी ती वाचून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला बस निघाली. खांदेश्वर गेलं, पनवेल गेलं, इमारती विरळ झाल्या आणि एका वळणावर भाताच्या कापलेल्या खाचरांपलीकडे तो दिसला. उंबरगड. फोटोतल्यासारखाच, पण फोटोत वाटला नव्हता इतका उंच. माथ्यावर पडक्या तटाची रांग आणि तिच्यावर उन्हाची पहिली पट्टी. कुंदनरावांना वाटलं, खिडकीतून उडी मारावी. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"पप्पा, तोच ना?" उन्नती ओरडली.

"हां, आला वाटतं," कुंदनराव म्हणाले, बसमध्ये पेंगणारा माणूस पनवेल आल्यावर म्हणतो तसं.

इथे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं की आपली खरी अडचण रस्ता ही नाही. जी गोष्ट बघायला आयुष्यभर जीव टाकला, ती आता समोर येणार आणि आपल्याला कंटाळल्याचं नाटक करावं लागणार. दुसऱ्यांदा आलेला माणूस गड बघून अशा उड्या मारत नाही.

पायथ्याच्या गावात गडाची देखभाल करणाऱ्या समितीची चौकी होती. तिथे सिताराम नावाचा रखवालदार फॉर्म घेऊन बसला होता. गटाचं नाव, माणसं, सोबत प्लास्टिकच्या बाटल्या किती, इथपर्यंत ठीक चाललं. मग रकाना आला: गटप्रमुख यापूर्वी गडावर आले असल्यास तारीख.

इतकी वर्षं खोटं तोंडी होतं. आता ते निळ्या शाईत लिहायचं होतं, आणि साक्षीदार म्हणून सही करायला शेजारी जोंधळे पेन उघडून उभे होते. कुंदनरावांना एकदम कुठलीही तारीख आठवेना. त्यांनी लिहिलं, १५ ऑगस्ट १९९८.

सितारामने फॉर्म उलटा करून पाहिला. "साहेब, अठ्ठ्याण्णवच्या पावसात दरड आलेली. दिवाळीपर्यंत वाट बंद व्हती. कुत्रं वर गेलं नाय."

सगळे कुंदनरावांकडे बघू लागले. "म्हणूनच तर अवघड गेलं," कुंदनराव म्हणाले.

एकतीस माणसांत कौतुकाची कुजबुज झाली. जोंधळ्यांनी आपल्या वहीत 'दरड' असं लिहून खाली रेघ मारली. आणि ते सगळं निस्तरतंय असं वाटत असताना मागून पुतळाबाईंचा आवाज आला.

"आठ्याण्णवला? तवा तुला कावील झालती ना रं? म्हयनाभर दही-भात चारला मी तुला."

कुंदनरावांनी आईकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण पन्नाशीच्या मुलाचा तो चेहरा आईने पाचव्या वर्षीही पाहिलेला असावा. पुतळाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "का त्याच्या भावाला झालती! आता ध्यान ऱ्हात नाय मना." जोंधळ्यांनी साक्षीदाराची सही ठोकली.

"वाट दाखवायला बयाबाईला घेऊन जा," सिताराम म्हणाला. "ती वर ताक विकायला जातेच."

"गरज नाही," कुंदनराव घाईने म्हणाले. माहितगार बाई बरोबर असणं त्यांना परवडणारं नव्हतं. शिवाय सगळा गड त्यांच्या डोक्यात होता. नऊ वेळा स्वतःच्या हाताने बांधलेला माणूस चुकेल कसा?

अर्ध्या तासाने झाडीत दोन वाटा फुटल्या. मोबाइलला रेंज नव्हती. कुंदनरावांनी डोळे मिटले आणि पंपरूमची मागची बाजू आठवली. उजवीकडे ओव्हरफ्लो. वाट डावीकडे. "डावीकडे!" ते म्हणाले. उन्नतीने सगळ्यांकडे वळून पाहिलं. "डोळे मिटून! बघितलंत?"

डावीकडची वाट उत्साहाने वर गेली, एका करवंदीच्या जाळीत घुसली, पलीकडे निघाली आणि तासाभराच्या चढणीनंतर एका बोडक्या टेकाडावर थांबली. तिथे एक पडकी दगडी भिंत होती आणि तिच्या शेजारी मोबाइलचा टॉवर.

माणसं दमली होती, घामाघूम झाली होती, बी विंगमध्ये कुरबुर सुरू झाली होती. काहीतरी बोलणं भाग होतं. कुंदनरावांनी भिंतीवर हात ठेवला. "हे दारूकोठार. तोफांची दारू इथे ठेवत. हवा खेळावी म्हणून भिंतीला ही भोकं. आणि दारू ओली होऊ नये म्हणून दगड असे तिरपे." बोलता बोलता त्यांनाच ते खरं वाटू लागलं. पहारेकरी आले, मशालबंदीचा हुकूम आला, एक फितूरही आला.

"सावकाश बोला," जोंधळे म्हणाले. "मी लिहून घ्यायलोय."

दुसरं पान संपत आलं तेव्हा करवंदीतून डोक्यावर ताकाची कळशी घेतलेली एक काटक बाई आली. तीच बयाबाई. सितारामने तिला मागून धाडलं होतं.

"इकडं कुठं आलाव?" ती म्हणाली. "गड तिकडं हाय."

तिने हात केला तिकडे सगळ्यांनी पाहिलं. मध्ये खोल घळ, आणि घळीपलीकडे, चांगला दीडपट उंच, उंबरगड उन्हात उभा होता.

"आणि हे दारूकोठार?" जोंधळ्यांनी विचारलं.

"कसलं कोठार? माझ्या सासऱ्याचा शेळ्यांचा गोठा व्हता ह्यो. भोकं वाशांची."

जोंधळ्यांनी लिहिलेली दोन्ही पानं मागे उलटून पाहिली. उन्नती कुंदनरावांकडे बघत होती, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच एक छोटा प्रश्न होता. तो प्रश्न मोठा होऊ द्यायचा नव्हता, बाकी सगळं चुलीत गेलं तरी चाललं असतं.

"बरोबर," कुंदनराव शांतपणे म्हणाले. "सोसायटीतली माणसं. रोज लिफ्टने जाणारी. एकदम गडाला भिडली तर पाय धरतात. म्हणून आधी छोटी टेकडी. आणि कोठार कसं असतं याची कल्पना गोठ्यावरून दिली."

"म्हणजे हा सराव होता!" जोंधळ्यांचा चेहरा उजळला. "बघा, याला म्हणतात नियोजन." बी विंगला नियोजन फारसं पटलं नाही, पण अर्धी बी विंग बसली होती आणि उठायला हात मागत होती. पुतळाबाई गोठ्याच्या भिंतीवर बसून मुलाकडे बघत ताक पीत होत्या.

मग मात्र वाटचाल बयाबाईच्या मागून झाली. कुंदनराव तिच्या पाठोपाठ, दोन पावलांवर. ती हळू आवाजात म्हणे, "इथं दगुड सुटा हाय," की कुंदनराव मागे वळून मोठ्याने सांगत, "इथे एक सुटा दगड असायचा, सांभाळा!" गुडघे बोंबलत होते, छातीचा भाता चालला होता, प्रेमलाताईंचं मीठ, कापूर, दोरी आणि बॅट पाठीवर आदळत होती. पण काय सांगावं, आत नुसता उत्सव होता. प्रत्येक वळणावर पुढचा तट दिसे आणि त्यांना वाटे, हा बघ, हा फोटोतला! जन्मभर डोक्यावर भाताचे भारे वाहिलेल्या पुतळाबाई सगळ्यांच्या पुढे निघून गेल्या होत्या आणि वरून विचारत होत्या, "आलाव का रं?"

आणि एका कातळकड्याला वळसा घालताच महादरवाजा आला. आधी दिसलाच नाही. दोन बुरुजांच्या कुशीत असा दडवलेला की समोर जाऊन उभं राहिल्यावरच कळावं. काळ्या दगडाची कमान, तिच्यावर सिंहासारखे दोन झिजलेले शरभ, उंबऱ्याला शेकडो वर्षांच्या पावलांनी पडलेला खड्डा, आणि कमानीतून वाहणारा गार वारा. कुंदनरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. सोसायटीच्या गेटकडे तोंड केलेला आपला दरवाजा आठवून त्यांना हसू फुटायला लागलं, आणि त्याच वेळी डोळेही भरायला लागले.

"पप्पा!" उन्नती कमानीखाली गोल फिरत किंचाळली. "पप्पा, कसलं भारी आहे! हे बघ ना! हात लाव ना इथे! कसलं गार आहे!"

मागून जोंधळे वही घेऊन येत होते. कुंदनरावांनी जिवाच्या आकांताने तोंड वळवलं आणि एक लांब जांभई दिली.

"आहे, ठीक आहे," ते म्हणाले. "चला, पुढे चला."

उन्नतीचा दगडावरचा हात खाली आला. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती बापाच्या नाही, आजीच्या बाजूने चढली. कुंदनरावांना ते दिसलं, पण पायऱ्या मोजण्याच्या नादात त्याचा अर्थ लागला नाही.

एकशे ऐंशी पायऱ्या. त्यानंतर गवताचं पठार, कोरडी टाकी, छप्पर गेलेली सदर. प्रत्येक ठिकाणी कुंदनरावांनी एकेक जांभई दिली. शेवटी शेवटी जबडा दुखायला लागला. पण डाव जिंकला होता. गोठा पचला होता, कावीळ पचली होती, दरड तर अंगावर मोठेपणाने मिरवत होती. आता टोकाचा बुरूज बघायचा, डबे उघडायचे आणि उतरायचं. ते बुरुजाच्या तुटक्या कठड्याशी गेले आणि त्यांनी खाली पाहिलं.

खाली पाताळगंगेचं अख्खं खोरं होतं. नदी डोंगरातून निघून एक वळण घेत होती, मग दुसरं, मग गडाला बघायला मागे यावं तसं तिसरं, आणि तीनही वळणांवर ऊन पडलं होतं. काठाने हिरवे-पिवळे तुकडे, लहान लहान वाड्या, कारखान्यांच्या दोन चिमण्या, आणि अगदी लांब, धुरकट, खाडीच्या अलीकडे आपल्या इमारती. नऊ वर्षं बंद ठेवलेलं काहीतरी कुंदनरावांच्या छातीत धाडकन उघडलं.

"उन्नती!" ते एवढ्या जोरात ओरडले की बुरुजावरची साळुंकी उडाली. "अगं, नदी बघ! इकडे आहे नदी! मागच्या बाजूला! आणि सरळ नाहीच आहे गं ती, केवढी वळलीये! मी नऊ वर्षं उलटी काढतोय! आईशप्पथ, असं असेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं मला!"

ते नाचत होते. खरंच नाचत होते, पाठीवरच्या बॅटसकट. तीन-चार उड्या झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाकी कुणी हलत नाही.

"भोईरसाहेब," जोंधळे हळूच म्हणाले, "स्वप्नातसुद्धा म्हणजे?"

सांगता आलं असतं. कुंदनरावांच्या डोक्यात उत्तरं रांगेत उभी होती. अठ्ठ्याण्णवला धुकं होतं. दरडीमुळे नदीने पात्र बदललं. पण समोर ती नदी होती, आणि तिच्यासमोर आणखी एक मजला चढवायची त्यांना लाज वाटली.

"मी कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा आलो. वीज, बिबट्या, दरड, सगळं खोटं. मला यायचं फार होतं, एवढंच काय ते खरं."

"कावीलच झालती," पुतळाबाई म्हणाल्या, ज्याला त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

प्रेमलाताई फस्सकन हसल्या. बी विंग हसली. मग ए विंगही हसली. संध्यावहिनी कपाळाला हात लावून खाली बसल्या. न हसलेले दोघेच. एक जोंधळे. ते वही मिटून म्हणाले, "मी साक्षीदार म्हणून सही केली हो," आणि त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता की कुंदनरावांना लोकांच्या हसण्यापेक्षा तो जास्त लागला. त्यांनी सगळ्यांसमोर जोंधळ्यांची माफी मागितली आणि खाली गेल्याबरोबर फॉर्म दुरुस्त करायचं कबूल केलं. जोंधळ्यांनी विचार करून विचारलं, "आणि इतिवृत्तात काय लिहू?"

"खरं ते लिहा," कुंदनराव म्हणाले.

दुसरी उन्नती. ती बुरुजाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभी होती. कुंदनराव तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. डबे उघडल्याचे आवाज आले, थालीपिठांचा वास आला, कुणीतरी हाक मारली. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"वीज नव्हती?" तिने विचारलं.

"नव्हती."

"बिबट्या?"

"नाही गं."

"मी भाषण केलेलं त्याच्यावर. सगळ्या शाळेसमोर."

"माहितीये. मी पहिल्या रांगेत होतो."

"टाळ्या वाजवल्यास तू!"

"वाजवल्या," कुंदनराव म्हणाले. "चुकलं माझं. तुझ्यासमोर लहान व्हायला घाबरलो."

उन्नतीने बाहीने नाक पुसलं. मग एकदम वळली, आणि तिचे डोळे लाल झाले होते. "ते जाऊ दे. ते खोटं बोललास, ते एक. पण दरवाजात मी एवढी ओरडत होते, आणि तू जांभई दिलीस! मला वाटलं, तुला माझ्याबरोबर यायचा कंटाळा आलाय."

चौकीतला फॉर्म, गोठा, दोन्ही विंगांचं हसणं, सगळं एका बाजूला झालं. आपण सकाळपासून नेमकं काय लपवत होतो आणि कुणापासून, हे कुंदनरावांना आत्ता दिसलं.

"कंटाळा?" ते म्हणाले. "अगं, बसमधून गड दिसल्यापासून मी हात मांडीखाली दाबून बसलोय. दरवाजात मी रडणार होतो. पहिल्यांदा आलो ते कळेल म्हणून जांभई दिली."

उन्नती त्यांच्याकडे बघत राहिली. खरं-खोटं तपासत असावी, आणि आता तिला तो अधिकार होता.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"दरवाजात. परत. तू काही बघितलंच नाहीयेस."

"एकशे ऐंशी पायऱ्या आहेत गं. उतरून परत चढायच्या."

"मोजल्यास?"

"मोजल्या ना! पहिल्यांदाच आलो होतो."

"माझा राग गेलेला नाहीये," उन्नतीने बजावलं आणि त्यांचं मनगट धरून ओढलं. कुंदनरावांनी पाठीवरची पिशवी तिथेच टाकली. दुखणाऱ्या गुडघ्यांनी, एकेका पायरीला हाय हाय करत, पन्नाशीचा तो माणूस खाली निघाला, आणि निम्म्या वाटेपासून चक्क पळायला लागला. संध्यावहिनी वरून "अहो, पडाल!" म्हणत राहिल्या.

थोड्या वेळाने दरवाजाच्या बाजूने एक आरोळी आली. मग दुसरी. मग अशी एक लांबलचक, की तिचे पडसाद खोऱ्यात घुमून परत आले. जोंधळे थालीपीठ टाकून कठड्याकडे धावले.

"काय झालं हो?" त्यांनी घाबरून खाली विचारलं. "पडले का भोईरसाहेब?"

"नाही काका!" खालून उन्नतीचा आवाज आला, आणि त्यात हसू मावत नव्हतं. "पप्पा किल्ला बघतोय!"